मदत हवी आहे: खानदेशच्या हवेत गिटारची तबली (वरची, आवाज देणारी फळी) नेमकी कधी चिकटवावी?

नमस्कार मंडळी,

इथे पहिल्यांदाच लिहितोय. भुसावळला राहतो, रेल्वेत फिटर आहे आणि सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम करतो. आजवर पाट, चौरंग, देव्हारा, पोरांच्या अभ्यासाची टेबलं असं बरंच केलंय. सांधे हाताने पाडतो, रंध्याला आणि पटाशीला धार स्वतः लावतो. आता अकूस्टिक गिटार करायला घेतली आहे. मुलगी वाजवते, तिच्यासाठी. वाद्य करण्याचा मला अनुभव नाही आणि आमच्या गावात विचारावं असं कुणी माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काम कुठवर आलंय ते आधी सांगतो. आकार ओएमचा, म्हणजे ऑर्केस्ट्रा मॉडेल या मध्यम गिटारचा, घेतलाय: खालचा फुगवटा १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी, आणि नटपासून (मानेच्या टोकाची पट्टी) सॅडलपर्यंत (धडावर तारा टेकतात ती पट्टी) तारेची लांबी २५.४ इंच, म्हणजे ६४५ मिमी. मान चौदाव्या पडद्यावर (फ्रेटवर) धडाला मिळते. पडद्यांच्या जागा उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागत काढल्या. पहिला पडदा ३६.२ मिमीवर येतो आणि बाराव्याला बरोबर निम्मी लांबी उरते. तिथे हिशेब जुळला की पुढे जायला धीर येतो.

मागच्या फळीला आणि कडांना शिसव आहे. यावलकडच्या नातेवाइकांनी धाब्याचं जुनं घर उतरवलं, तेव्हा एका मोडक्या पलंगाची उशाकडची फळी मला दिली. ती सॉ मिलवर नेऊन चार-चार मिमीचे पदर काढून घेतले. आरा चालवणारे नाना सारखे विचारत होते, "भाऊ, इतलं पातय कायले?" रंधा मारून मागची फळी अडीच मिमीवर आणि कडा दोन मिमीवर आणल्या आहेत. वरचा काळपट मळ निघाला आणि खालून जांभळट-तपकिरी रेघा दिसल्या. पदर कोपऱ्यात चिमटीत धरून बोटाने वाजवला, तर काचेच्या भांड्यासारखा बराच वेळ घुमतो. ब्राझीलचा रोझवुड मिळणं अवघड झाल्यावर मार्टिन या अमेरिकी गिटार कंपनीने १९६९ च्या सुमारास हेच आपल्याकडचं शिसव वापरायला घेतलं, आणि आज जगभर गिटारच्या पाठीला ते लागतं. २०१७ पासून शिसवाच्या प्रजातीतली सगळी झाडं साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत. तयार वाद्यांना पुढे २०१९ मध्ये सूट मिळाली, पण जंगलातलं शिसव कमी होत चाललंय हे खरंच आहे. म्हणून जुन्या घरातून निघालेली अशी फळी कुणी सरपणात घालू नये, एवढं मला मनापासून सांगावंसं वाटतं.

मानेसाठी तून घेतलंय. सतार-तंबोऱ्याला चालतं, महोगनीच्याच कुळातलं आहे आणि वजनाला हलकं. त्यात ट्रस रॉड, म्हणजे तारांच्या ताणाने मान वाकू नये म्हणून आतून घालायची धातूची सळई, बसवणार आहे.

आता खरा प्रश्न, तबलीचा.

सगळी पुस्तकं आणि व्हिडिओ एकच सांगतात: खोलीतली आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांवर ठेवा आणि मगच तबलीला आतल्या पट्ट्या चिकटवा. आपल्याकडे ही हवा आयती मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो, दुपारी झळा सुरू झाल्या की आर्द्रता २० च्या खाली उतरते. श्रावणात तीच ८० च्या वर. आर्द्रता मोजायचं यंत्र खरं बोलतंय का हे बघायला मिठाची चाचणी घेतली. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ते विरघळणार नाही इतपतच पाण्याने ओलं करायचं आणि यंत्रासकट हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचं. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझं यंत्र ७१ दाखवत होतं, म्हणजे चार मिळवून वाचायचं. डिजिटल यंत्र घेतलेल्या प्रत्येकाने हे एकदा करून बघावं.

मग कागद घेऊन बसलो. आर्द्रता २० टक्के असताना लाकडात साधारण साडेचार टक्के ओल राहते, ८० टक्के असताना सोळाच्या जवळ. उभ्या रेषेचं, म्हणजे क्वार्टर-सॉन स्प्रूस (तबलीला वापरतात ते थंड मुलखातलं सूचिपर्णी लाकूड) ओलीच्या एका टक्क्याला रुंदीत साधारण ०.१५ टक्के हलतं. ३८१ मिमीच्या तबलीला हा फरक सहा मिमीच्या वर जातो, म्हणजे चांगले दोन सूत! फळी मोकळी असती तर हरकत नव्हती. पण तिला आतून आडव्या-तिरक्या पट्ट्या चिकटलेल्या असतात, आणि पट्टीचं लाकूड तिच्या लांबीत जवळजवळ हलतच नाही. ओलसर हवेत चिकटवून उन्हाळ्यात नेली तर तबली रेषेतून फाटणार. अगदी कोरड्या हवेत चिकटवली तर पावसाळ्यात पोट फुगणार आणि तारा पडद्यांपासून वर जाणार. त्यात सहा स्टीलच्या तारांचा एकूण ताण ७० किलोच्या पुढे. मार्टिनवाल्यांनी १८४० च्या दशकात इंग्रजी एक्स अक्षरासारखी पट्ट्यांची जी मांडणी आणली, तीच मी करतोय. पण मांडणी कितीही चांगली असली तरी चिकटवण्याच्या दिवसाची हवा चुकली तर ती काय करणार?

वर आमच्याकडे कूलर. उन्हाळ्यात पाण्याच्या कूलरशिवाय खानदेशात घर चालत नाही, हे इथल्या लोकांना सांगायला नको. बाहेर २० टक्के असताना कूलरच्या खोलीत यंत्र ६० दाखवतं, आणि लाइट गेली की तासाभरात परत खाली. म्हणजे गिटार आयुष्यभर असे हेलकावे खाणार. दुकानातून आणलेल्या गिटारींच्या तबलीला चिरा गेलेल्या मी इथे पाहिल्यात, आणि त्या बहुतेक उन्हाळ्यातल्याच.

तर जाणकारांनी सांगावं. पट्ट्या कोणत्या महिन्यात चिकटवू? प्लायचं बंद कपाट करून त्यात बल्ब लावला आणि तबली व पट्ट्या आत ठेवल्या तर पावसाळ्यातही काम होईल का? गोंद कोणता घ्यावा: पांढरा, पिवळा की जुन्या मिस्तरींचा सरस? इथल्या उन्हात ब्रिज (तारा अडकवायची, तबलीवर चिकटवलेली लाकडी पट्टी) उखडायला नको.

शिवाय दोन लहान गोष्टी. शिसवाच्या कडा वाकवायला लोखंडी पाइप आतून हीट गनने तापवायचा विचार आहे. इतकं जुनं, वाळलेलं शिसव कमरेच्या वळणावर तडकेल का? आणि तबलीसाठी बाहेरून स्प्रूस मागवू, की यंत्रांच्या खोक्यातून निघालेलं पाइन चालेल? त्यातल्या काही फळ्यांच्या रेषा फार सुंदर, जवळजवळ आहेत.

प्रतिसाद

दादा, स्वागत. मी सतारी आणि गिटारी दुरुस्त करतो, दोन्हींच्या फाटलेल्या तबल्या हाताखालून जातात, त्या अनुभवावर सांगतो.

तुमचा हिशेब बरोबर आहे. चिकटवताना हवा थोडी कोरडीच असू द्या, ४० ते ४५. फुगलेलं पोट पावसाळा सरला की बसतं, सॅडल थोडं खाली घेऊन तात्पुरतं निभावताही येतं. फाटलेली तबली मात्र आतून ठिगळ लावूनच सांधावी लागते. तुमच्याकडे दिवाळीनंतर ते होळीच्या आधीपर्यंत असे दिवस मिळायला हवेत, पण कॅलेंडरपेक्षा यंत्राचं ऐका. कपाट आणि बल्बची कल्पना चांगली आहे, फक्त बल्ब लाकडाच्या जवळ नको आणि आत छोटा पंखा फिरू द्या. तबली हवेशी जुळली का हे कळायला एक सोपा उपाय: स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. रोज त्याच वेळेला तबलीचं वजन लिहा. आकडा हलायचा थांबला की लाकूड तयार.

दुसरं, तबली सपाट चिकटवू नका. पट्ट्यांच्या खालच्या कडेला हलकी कमान द्या: तबलीला साधारण २८ फूट त्रिज्येची, पाठीला १५ फुटांची. लाकूड आक्रसलं की कमान थोडी खाली बसते आणि ताण तिथे जिरतो. सपाट तबलीला तेवढी सवलत नसते, ती सरळ फाटते. तुमच्या हवेसाठी मी हे सगळ्यात महत्त्वाचं मानतो.

पट्ट्यांना आणि ब्रिजला मी सरस वापरतो. वाळल्यावर कडक होतो आणि सरकत नाही, पण पातळ गरम सरस हात चटचट चालवून लावावा लागतो. आधी रद्दी तुकड्यांवर सवय करा. ते नको असेल तर लाकूडकामाचा पिवळा गोंद घ्या. पांढरा गोंद उष्णतेत जास्त सैल पडतो, ताणाखाली हळूहळू सरकतो. आणि गोंद कोणताही असो, मे महिन्यात गिटार बंद गाडीत ठेवायची नाही. आत ६० अंशांच्या वर जातं.

शिसव छान वाकतं, काळजी करू नका. पाइपवर पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचत उडाला की पाइप तयार. कडेवर पाणी फवारा, आधी कमरेचं वळण घ्या, जोर हाताने नाही, उष्णतेने लावा. लाकूड ढिलं पडतं तो क्षण हाताला कळतो. चिकटवायच्या जागा आधी थिनरने पुसा. घासताना मास्क लावा, शिसवाची भुकटी कित्येकांच्या छातीला आणि कातडीला बाधते.

तबलीला स्प्रूसच मागवा, तिथे काटकसर नको. पाइनची मात्र एक फळी सराव म्हणून पूर्ण तबलीसारखी करा: तीन मिमीच्या आत आणा, पट्ट्या लावा, पुढचा उन्हाळा-पावसाळा भिंतीला टांगून ठेवा. तुमच्या घरातली हवा काय करते ते ती फळी तुम्हाला दाखवेल.

मूळ लेखक

मनापासून आभार. कमान देण्याची गोष्ट व्हिडिओत पाहिली होती, पण ती हवेसाठी इतकी कामाची आहे हे आज समजलं. त्रिज्येचा साचा शेडमधल्या ओळखीच्या मशीनवाल्याकडून करून घेता येईल. पाइनची तबली याच आठवड्यात सुरू करतो. ती दोन तुकड्यांत करणार आहे, एक कूलरच्या खोलीत आणि एक मागच्या पडवीत टांगतो, म्हणजे दोन्हीकडचा फरक कळेल.

एकच विचारायचं राहिलं. आमच्या काट्याला एक ग्रॅमच्या खालचं दिसत नाही. तबली असेल दोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ओलीच्या एका टक्क्याला जेमतेम दोन ग्रॅमचा फरक. एवढ्यावर भागेल, की सोनाराकडचा बारीक काटा लागेल?