मदत हवी आहे: आजोबांची जुनी नाणी, विकू की ठेवू?

नमस्कार मंडळी, आजोबांची ट्रंक उघडली तर बोर्नव्हिटाच्या डब्यात दोनेकशे नाणी निघाली, धोतराच्या चिंध्यांत पुरचुंड्या बांधलेली. तांब्याच्या शिवराया बऱ्याच आहेत, झिजलेल्या, पण एकीवर 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति' अंदाजाने वाचता येतं. बाकी १९४३-४७ चे भोकाचे पैसे (आई म्हणते हे पोरांच्या करदोड्यात ओवायचे) आणि राणीछाप, राजाछाप मिळून ३१ रुपये.

गल्लीतला सराफ म्हणतो वजन करून चांदीच्या भावाने घेतो. आता १९४० च्या आधीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी जवळपास ९२ टक्के, नंतरच्या १९४५ पर्यंतच्यात निम्मीच, एवढं मलाही माहितीये, पण त्यात एक १९११ चा पंचम जॉर्जचा आहे, तोच तो डुक्करछाप, म्हणजे राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला आणि सरकारला डिझाइन बदलावं लागलं तो, तो पण वितळवायला देऊ?? जीव होत नाही.

त्यात काकूंनी उत्साहाने चार नाणी चिंच लावून घासून लख्ख केली, घासलं की जुन्या नाण्याची किंमत उतरते, पण त्यांना बोलताही येईना. भाऊ न्यूजर्सीला असतो, तो म्हणतो अर्धी मी नेतो, पण १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत ना?

पुण्या-मुंबईत नीट बघून सांगणारं कोणी विश्वासाचं आहे का? लिलावात दिली तर कमिशन किती कापतात? आणि तोवर ठेवू कशात, साध्या प्लास्टिकच्या पिशव्या चालतील का?