बुलेटचे अडकणारे हँडल आणि कोनसेट
चाक सरळ असताना हँडल खाचेत बसल्यासारखे अडकत असेल तर कोनसेटचा (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगचा; यात वाट्या, कोन आणि त्यांच्यामधले छर्रे म्हणजे पोलादी गोळ्या असतात) वरचा नट थोडा आवळावा, या सूचनेशी मी सहमत नाही. जुनी बुलेट बहुतेक वेळ सरळच धावत असल्याने खड्ड्यांचे धक्के छर्‍यांमार्फत त्याच जागी बसून वाट्यांवर खळगे पडतात. नट आवळल्याने ते भरत नाहीत, उलट अधिक खोल होतात. म्हणून केवळ छर्रे न बदलता वाट्या आणि कोनही नवे घालावेत. चेसिसमधील जुन्या वाट्या आतून पंच (ठोकण्याचा पोलादी दांडा) लावून, बाजू आलटून-पालटून हलके ठोकत काढाव्यात आणि नव्या वाट्या तिरप्या बसू देऊ नयेत (घाई इथेच नडते). छर्रे ग्रीसमध्ये चिकटवून बसवावेत. पुढचे चाक अधांतरी ठेवल्यावर फोर्क (चाक धरणारे दोन दांडे) पुढेमागे हलू नये, पण हँडल मात्र हलक्या स्पर्शाने दोन्हीकडे आपल्याच वजनाने वळावे, इतकाच नट आवळावा.