मदत हवी आहे: नोकरी सांभाळून वायरिंगची कामं घ्यायची आहेत

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, आयटीआय झालंय, वायरमन परवानाही आहे. सुट्टीच्या दिवशी सांगली-मिरजेत घरगुती वायरिंगची कामं रीतसर घ्यावी म्हणतोय. उद्यम नोंदणी फुकट होते, वर्षाला २० लाखांच्या आत जीएसटीची कटकट नाही, इथवर ठीक. गाडी अडते ती टेस्ट रिपोर्टपाशी, म्हणजे वायरिंग तपासून ठीक असल्याच्या दाखल्यापाशी. नव्या मीटरसाठी महावितरणला परवानाधारक ठेकेदाराचाच सही-शिक्का लागतो. मग ओळखीच्या ठेकेदाराकडून रिपोर्ट घ्यावा, की स्वतःचाच ठेकेदारीचा परवाना काढावा? नोकरीत असताना तो मिळतो का?

नेमणूकपत्रात ‘अन्य व्यवसाय करू नये’ अशी ओळ आहे. लेखी परवानगी मागितली तर उगाच साहेबांच्या डोळ्यावर येशील, असं घरचे म्हणतात.

आणि ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) ‘सारखी पडते’ म्हणून काढायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगता? मी तर सरळ नाही म्हणतो.