इंग्रजी शब्द पाठ होतात, पण वाक्यात आले की चुकतात. जीआरई व्हर्बलसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरमध्ये माझी जीआरई (परदेशात पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठीची परीक्षा) आहे आणि व्हर्बलवर, म्हणजे तिच्या इंग्रजी भाषेच्या भागावर, गाडी अडकलीय म्हणून विचारतेय. दहावीपर्यंत बार्शीला मराठी माध्यम, अकरावीपासून सायन्स, मग स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी, आता पुण्यात नोकरी. क्वांटचं, म्हणजे गणिताच्या भागाचं, टेन्शन नाहीये. व्हर्बलला मात्र 170 पैकी 148-149 च्या पुढे जातच नाहीये, तीन मॉक (सराव परीक्षा) दिल्या, तिन्हीत तेच.

मेहनत कमी पडली असं मला वाटत नाही. जूनपासून रोज ऑफिसच्या बसमध्ये शब्द करतेय, वहीत डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ, असे नऊशेच्या आसपास झालेत आणि बहिणीने मधूनच कुठलंही पान उघडून विचारलं तरी सांगते. पण तोच शब्द वाक्यात समोर आला की उत्तर चुकतं.

आधी वाटायचं अवघड शब्द कमी पडतायत. मग चुकलेले प्रश्न परत काढून बघितले तर निम्म्या ठिकाणी शब्द सोपेच होते, फक्त मला माहीत असलेला अर्थ तिथे नव्हताच. क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणं एवढंच मला ठाऊक, तिथे अर्थ होता आपलंच विधान जरा सौम्य करणं, त्याला अट जोडणं. चेक म्हणजे आवर घालणं. फ्लॅग म्हणजे जोर ओसरणं. डिसइंटरेस्टेड म्हणजे मी 'रस नसलेला' धरलं, तिथे हवं होतं निःपक्षपाती. आणि सँक्शन तर मंजुरी पण आणि निर्बंध पण, म्हणजे एकदम उलटं.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. वाक्यातल्या रिकाम्या जागी बसणारे, एकाच अर्थाचे असे सहातले दोन पर्याय निवडायचे असतात ना, त्यात एक वाक्य होतं, एका बाईंचं कौतुक चाललेलं की साधं राहून त्यांनी संस्था उभी केली. मी फ्रूगल बरोबर निवडला आणि जोडीला पार्सिमोनिअस घेतला, कारण माझ्या वहीत दोन्हीसमोर 'काटकसरी' लिहिलंय! पार्सिमोनिअस खरं तर चिक्कूकडे झुकतो, कौतुकात बसत नाही. दोन्ही बरोबर आले तरच मार्क, एकाला अर्धा मार्क वगैरे काही नाही, त्यामुळे तो प्रश्न गेला. मराठीत मला काटकसरी, चिक्कू आणि कवडीचुंबक यातला फरक कोणी शिकवला नाही, कवडीचुंबक म्हटलं की तो माणूस डोळ्यासमोर येतो. इंग्रजी शब्दाबद्दल तसं काहीच वाटत नाही, नुसता अर्थ येतो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण भाषा मला आवडते, मराठी मी भरपूर वाचते.

तर विचारायचं असं की शब्दाची ही छटा शिकायची कशी? नवीन शब्द थांबवून जुनेच परत करू का? आणि लॅटिन-ग्रीक मुळं पाठ करण्याचा उपयोग होतो का? मराठी माध्यमातून जाऊन ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

गवतीचहा:
मी पण मराठी माध्यमाचा, जिल्हा परिषदेची शाळा. तुमची चूक मला वहीतच दिसतेय. इंग्रजी बघून मराठी सांगणं म्हणजे फक्त ओळख पटणं झालं. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द लिहूच नका, तिथे एक पूर्ण वाक्य लिहा आणि शब्दाची जागा रिकामी ठेवा, शब्द मागच्या बाजूला. वाक्य स्वतः बनवू नका, इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरीतलं किंवा पेपरमधलं उचला, आपण बनवलं तर आपलीच चूक पाठ होते. कार्डं पाच खोक्यांत ठेवायची, ही लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाची 1972 ची पद्धत आहे, उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्या. पहिलं खोकं रोज, पुढची जास्त जास्त दिवसांनी. मोबाइलवर आंकी ॲप आहे, तेही याच तत्त्वावर चालतं.

खडूफळा:
मुळांबद्दल सांगते, वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. बेने म्हणजे चांगलं, मॅल म्हणजे वाईट, एवढी पन्नासेक मुळं जरूर करा, पण शब्द आठवायला त्यांचा आधार घ्या, अर्थ ठरवायला नको. इनव्हॅल्युएबलमधला 'इन' बघून किंमत नसलेला म्हणाल तर फसाल, तो आपला 'अमूल्य' आहे. इनफ्लेमेबल म्हणजे पेट घेणारा, न पेटणारा नव्हे.

छटेसाठी तुमचं मराठीच वापरा की. वाक्य वाचताना पर्याय हाताने झाका, ऑलदो, फार फ्रॉम, इव्हन असे वळणाचे शब्द आधी हेरा, मग रिकाम्या जागी स्वतःचा मराठी शब्द ठेवा, तोही नेमका, काटकसरी की चिक्कू हे ठरवून. मगच पर्याय उघडा. आणि वहीत प्रत्येक शब्दापुढे अधिक किंवा उणे चिन्ह करा, कौतुक की नावं ठेवणं. नवीन शब्द महिनाभर बंद ठेवले तरी चालेल.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. खडूफळा मॅडम, काल रात्री पर्याय झाकून वीस प्रश्न केले, चौदा बरोबर आले, एरवी दहा-अकराच्या वर जात नाही. पण वेळ फार गेला, एकेका प्रश्नाला तीन मिनिटं. 2023 पासून पेपर छोटा झालाय, व्हर्बलचे 27 प्रश्न 41 मिनिटांत, म्हणजे दीड मिनिटच मिळतं आणि त्यात उतारे पण आले. वेग येतो का नंतर? आणि नऊशेच्या नऊशे शब्दांची वाक्य-कार्डं करू का?

खडूफळा:
वेग येतो, पहिले पंधरा दिवस घड्याळ लावूच नका. नऊशे कशाला? मॉकमध्ये चुकलेले आणि ज्यांच्यासमोर तुम्ही एकच मराठी अर्थ दोनदा लिहिलाय तेवढेच काढा. तेवढी यादी करून इथे टाका, अधिक-उणे मी बघून देते.