व्हायोलिन-पियानोसाठी लोकनृत्यांवरच्या रचना सुचवा

जाईजुई: मी व्हायोलिन वाजवते, धाकटा भाऊ पियानो. दोघेही संगीत परीक्षांच्या साधारण आठव्या ग्रेडला आहोत. घरगुती बैठकीसाठी पंधरा-वीस मिनिटांचं काही बसवायचंय. एकोणिसाव्या शतकातल्या, लोकनृत्यांच्या चालीवरच्या रचना हव्यात. मॉन्टीचा 'चार्दाश' (हंगेरियन नाच) नको, तो सगळीकडे ऐकू येतो. आणि भावाला नुसता ठेका धरून बसायला लागू नये.

खर्ज: पोलिश व्हायोलिनवादक विन्याव्स्कीच्या मझुर्का (पोलिश लोकनृत्यावरच्या रचना) घ्याच. ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक; ओपस १९ मधली दुसरी, 'दुजाश', म्हणजे पोलंडमधला खेडवळ बॅगपाइपवाला. त्याच्या वाद्याचा अखंड सूर इथे पंचमांच्या जोडीतून उभा राहतो, अगदी तंबोरा लावल्यासारखा. तो आधी नीट जुळवा, मग वेगाकडे बघा. मझुर्कात मात्रा तीनच, पण जोर बरेचदा दुसरीवर किंवा तिसरीवर पडतो. वॉल्ट्झसारखा पहिलीवर दिलात की सगळी मजा गेली! हळवं काही हवं असेल तर विन्याव्स्कीचाच ए मायनरमधला 'कुयावियाक' (हाही पोलिश नाच) बघा.

स्पॅनिश व्हायोलिनवादक सारासातेचे स्पॅनिश नृत्यांचे तुकडे मला फार प्रिय आहेत, विशेषतः संथ 'प्लायेरा'. पण त्यात पियानो मागेच राहतो, तुमच्या भावाला कंटाळा येईल.

सांजवेळ: भावासाठी चेक संगीतकार द्वोर्झाक! 'स्लाव्होनिक डान्सेस' (१८७८ आणि १८८६) मुळात एका पियानोवर दोघांनी वाजवायला लिहिलेत. व्हायोलिनवादक क्राइस्लरने त्यातले काही व्हायोलिन-पियानोसाठी बसवलेत. ओपस ७२ चा दुसरा, ई मायनरमधला, आधी ऐका. ब्राम्सचे २१ हंगेरियन डान्सही मूळचे चार हातांचेच. व्हायोलिनसाठीचं रूप व्हायोलिनवादक योआखिमचं, आणि तो स्वतः तेव्हाच्या हंगेरीत जन्मलेला. एकदम दोन तारा वाजवण्याचं काम मात्र भरपूर आहे. पाचव्या डान्सची चाल लोकगीत समजून ब्राम्सने घेतली, ती निघाली बेला केलेरच्या चार्दाशची.

जाईजुई: वा! बार्टोकचे रोमानियन डान्स यात बसतील का?

खर्ज: ते १९१५ चे, एकोणिसाव्या शतकातले म्हणता येणार नाहीत. तरी घ्या. सहा छोटे तुकडे, जेमतेम सहा मिनिटं. सेकेयच्या व्हायोलिन रूपात तिसरा नाच हार्मोनिक्सवर (तारेला बोट नुसतं टेकवून) आहे, बासरीसारखा बारीक आवाज येतो. ती प्रत विकत घ्यावी लागेल. बाकीच्यांच्या जुन्या आवृत्त्या आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. क्रम द्वोर्झाक, 'कुयावियाक', 'दुजाश' आणि शेवटी बार्टोक असा ठेवा. बार्टोकनंतर दुसरं काही लावू नका, त्याचा शेवटचा नाच फार वेगात संपतो.