वाडीपुरतं सोलर मायक्रोग्रिड: पंप चालेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात समुद्रालगत आमची २२ घरांची वाडी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माड-पोफळींबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. लाइट यायला महिना गेला. अंधाराचं एवढं नाही, हाल झाले ते पाण्याचे. नळपाण्याचा पंप बंद, आणि विहिरीवरचा रहाट आम्हीच कधीचा मोडीत काढलेला.

पुढे दोघांनी छपरावर सोलर बसवलं. पण लाइट गेली की तेही बंद! भर दुपारच्या उन्हात घरात पंखा नाही. बसवणारा धड कारण सांगत नाही.

आता मुंबईच्या मंडळाने मनावर घेतलंय. एरवी कंपनीची वीज, ती गेली की वाडी स्वतःच्या जिवावर, असं मायक्रोग्रिड, म्हणजे वाडीपुरती वीजव्यवस्था, करायचं आहे. घरटी दिवसाला १ युनिट म्हणजे २२, आणि ५ एचपीचा पंप २ तास म्हणजे साडेसात. ३० धरा. कोटेशन १० किलोवॉटचं आलंय. पुरेल? आषाढात काय करायचं?

प्रतिसाद

त्या दोघांच्या सोलरमध्ये बिघाड नाही. साधा ऑनग्रिड (मेन लाइनीला जोडलेला) इन्व्हर्टर लाइनीतल्या ५० हर्ट्‌झचा ठेका ऐकूनच वाजतो. शिवाय लाइन मेलेली समजून वायरमन खांबावर चढलेला असतो, त्याला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर बंद पडलाच पाहिजे. तुम्हाला स्वतः ठेका धरणारा, बॅटरीवरचा इन्व्हर्टर लागेल. भजनात पखवाज असतो तसा. बाकीचे त्याच्यामागून येतात. आणि लाइट गेल्यावर वाडी मेन लाइनीपासून पूर्ण तुटेल असा स्विच हवाच, त्यात काटकसर नको.

१ किलोवॉट पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट देतं. म्हणजे उन्हाळ्यात १० किलोवॉट भरपूर. आषाढात मात्र फारच कमी, तेव्हा घरटी १ युनिट विसरा. दोन दिवे आणि मोबाइल, बस. लहानसा जनरेटर जोडीला ठेवा. घारापुरीला २०१८ मध्ये समुद्राखालून केबल पोचेपर्यंत लोकांनी जनरेटरवरच संध्याकाळी काही तास काढले.

खरी गोम पंपात आहे. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर बंद पडतो. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा, मोटर हळूहळू वेग घेते. पंप दुपारीच चालवून टाकी भरून ठेवा, म्हणजे पाण्यासाठी बॅटरी खर्चायला नको. पॅनेलची स्ट्रक्चर आणि नटबोल्ट खाऱ्या वाऱ्याला टिकतील असेच मागा. साधं लोखंड दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं.

अजून एक. कंपनीच्या तारांवरून वाडीला वीज देता येणार नाही, स्वतःच्या तारा ओढाव्या लागतील. घरटी मर्यादेचा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) बसवा, नाहीतर कोणीतरी गिझर लावून सगळ्यांना अंधारात बसवेल.

धागाकर्ता

पंपाचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार! व्हीएफडीसह नवीन कोटेशन मागवतो. जनरेटर मंडळाचा जुना आहे, गणपतीत वापरतो. एमसीबीचं काल बैठकीत काढलं तर फ्रीज कोणाकोणाचे चालू ठेवायचे यावरून आत्ताच दोन तट पडलेत. मासळी ठेवणाऱ्यांना सूट द्यावी का? कुठल्या वाडीने हे मिटवलं असेल तर सांगा.