प्रतिसाद: कॅलिफोर्नियात शाळेतल्या एडला (वर्गातल्या मदतनिसाला) शिक्षिका व्हायचं असेल तर

भारतातली बी.एस्सी. आणि इथल्या वर्गात एड म्हणून तीन वर्षं, एवढ्यावर क्रेडेन्शियल (शिक्षक म्हणून शिकवण्याचा परवाना) मिळेल का, असं वर विचारलंय. थेट मिळत नाही, पण पदवी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेलच असंही नाही.

आधी पदवीचं मूल्यमापन. ते कमिशन ऑन टीचर क्रेडेन्शियलिंगच्या (हा परवाना देणाऱ्या राज्याच्या आयोगाच्या) यादीतल्याच संस्थेकडून, आणि 'कोर्स-बाय-कोर्स' म्हणजे विषयवारच करून घ्या. आपली तीन वर्षांची पदवी काही संस्था बॅचलर्स धरतात, काही धरत नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी ईमेलवर विचारा. विद्यापीठाकडून गुणपत्रिका सीलबंद लिफाफ्यात मागवत असाल तर तो लिफाफा स्वतः उघडू नका.

मग खरी अडचण पैशांची. नेहमीच्या वाटेने गेलात तर किमान ६०० तासांचं क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे देखरेखीखाली वर्गात शिकवण्याचा सराव, लागतं. ते बहुधा बिनपगारी असतं, आणि त्या काळात एडची नोकरी सोडावी लागते. चांगल्या, अनुभवी एड इथेच थांबतात, हे फार वाईट वाटतं. त्यापेक्षा इंटर्न क्रेडेन्शियल बघा: पदवी, विषयज्ञानाची पूर्तता आणि १२० तासांचं पूर्वप्रशिक्षण झालं की पगारावर स्वतःचा वर्ग मिळतो. मात्र डिस्ट्रिक्टने (तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) नोकरी द्यायला हवी.

एड म्हणून केलेले तास क्लिनिकल प्रॅक्टिसमध्ये आपोआप धरले जात नाहीत. किती धरणार, हे शिक्षक-प्रशिक्षणाच्या कोर्सला प्रवेश घेण्याआधीच लेखी घ्या. डिस्ट्रिक्टच्या एचआरला 'क्लासिफाइड स्कूल एम्प्लॉयी' (एडसारख्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठीच्या) कार्यक्रमाबद्दलही विचारा, त्यातून फीला मदत मिळू शकते.